मार्गदर्शकावरचा विश्वास उडाल्यानंतर

पुरुषांना आत्मविकासाचे धडे देणाऱ्या ऑनलाइन मार्गदर्शकांविषयीची पत्रे या सदराकडे सातत्याने येत आहेत. तरुण मुले अशा एखाद्या माणसाचे व्हिडिओ निष्ठेने पाहतात, त्यातून त्यांचे काही प्रमाणात भलेही होते आणि पुढे कधीतरी तो माणूस त्यांच्या मनातून उतरतो. त्यानंतर मागे जे उरते त्याचे काय करायचे, हा या पत्रांतील खरा प्रश्न आहे. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पहिले पत्र जवळजवळ संपूर्ण घेतले आहे, कारण इतरांनी तुकड्यातुकड्याने लिहिलेले बरेच काही त्या एकाच पत्रात आले आहे.

प्रश्न : मी पंचविशीतला तरुण आहे. काही वर्षांपूर्वी माझी नोकरी गेली आणि त्याच सुमारास एक नातेही तुटले. सकाळी अंथरुणातून उठण्याचीही इच्छा होत नसे. त्या काळात पुरुषांसाठी व्हिडिओ करणारा एक मार्गदर्शक माझ्या पाहण्यात आला. तुझ्या अवस्थेला दुसरे कोणी जबाबदार नाही आणि तुला त्यातून बाहेर काढायलाही कोणी येणार नाही, हे त्याचे म्हणणे मला वर्मी लागले. मी पहाटे उठू लागलो, व्यायाम सुरू केला, अश्लील व्हिडिओ पाहणे सोडले, कामासाठी अर्ज केले आणि काम मिळवलेही. पुढे त्याचा सशुल्क कोर्स घेतला व त्याच्या निवडक अनुयायांच्या ग्रुपमध्ये गेलो. तिथे सगळे एकमेकांना भाऊ म्हणत.

हळूहळू काही गोष्टी खटकू लागल्या. स्वतःच्या पूर्वायुष्याबद्दल तो एका व्हिडिओत एक सांगे आणि दुसऱ्यात भलतेच. कोर्स करूनही ज्यांच्यात फरक पडला नाही, त्यांना तो सर्वांसमोर ‘बीटा’, म्हणजे दबून राहणारा दुबळा पुरुष, म्हणून हिणवत असे. आपल्याला जगण्यात अर्थ वाटत नाही, असे एका मुलाने ग्रुपमध्ये लिहिले, तेव्हा त्याला धीर देण्याऐवजी ‘रडक्यांना इथे जागा नाही’ असे म्हणून काढून टाकण्यात आले. मी त्याबद्दल विचारले, तर माझा प्रश्नच पुसला गेला. मला सर्वांत मोठा धक्का मात्र माझ्या जुन्या मैत्रिणीच्या बोलण्याने बसला. ती म्हणाली, ‘हल्ली तू माझ्याशी बोलत नाहीस, माझ्यावर काहीतरी आजमावून पाहत असतोस.’

आता मी ते व्हिडिओ पाहत नाही. परंतु व्यायामाला उभा राहिलो की त्याचाच आवाज कानात घुमतो आणि व्यायामच नकोसा होतो. ज्याने मला उभे केले, त्याच्याकडे पाठ फिरवणे हा कृतघ्नपणा आहे का? आणि तो माणूस खोटा असेल, तर माझ्यात झालेला बदलही खोटाच मानायचा का?

उत्तर : तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण तुमची झोप त्यानेच उडवली असावी. तुमच्यात झालेला बदल खोटा नाही. पहाटे उठण्याचे कष्ट तुम्ही घेतले, अर्ज तुम्ही लिहिले, नकार तुम्ही पचवले आणि मुलाखतीला तुम्ही सामोरे गेलात. सांगणारा माणूस कसाही निघाला, तरी केलेले काम करणाऱ्याकडेच राहते.

याची दुसरीही एक बाजू आहे. ती स्वाभिमानाला किंचित बोचेल, पण त्याचबरोबर तुम्हाला मोकळेही करील. अशा मार्गदर्शकाकडे माणूस वळतो, तो सहसा आयुष्य अगदी खाली गेलेले असताना. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडील आणि त्यांची मुले यांच्या उंचीचा अभ्यास मांडला, तेव्हा त्यांना असे दिसले होते की फार उंच आईवडिलांची मुले सरासरीच्या जवळ सरकतात आणि फार बुटक्यांचीही तशीच सरकतात. टोकाच्या स्थितीनंतर येणारी स्थिती बहुधा कमी टोकाची असते, ही गोष्ट माणसाच्या मनःस्थितीलाही बऱ्याच अंशी लागू पडते. नाते तुटल्यानंतरचा सुरुवातीचा काळ सर्वांत कठीण असतो आणि पुढे बहुतेक माणसे कोणताही कोर्स न करता थोडीफार सावरतात. तुम्ही सावरत होता त्याच काळात व्हिडिओही पाहत होता, त्यामुळे सगळे श्रेय त्या व्हिडिओंच्या नावावर जमा झाले. त्यातले काही श्रेय काळाचे आहे, मोठा भाग तुमच्या मेहनतीचा आहे आणि उरलेले त्याने सांगितलेल्या साध्या गोष्टींचे आहे. नियमित झोप, व्यायाम आणि हाती घेतलेले काम पुरे करणे या गोष्टी त्याने शोधून काढलेल्या नाहीत. तो दिसेनासा झाला म्हणून त्या निरुपयोगीही होत नाहीत.

त्याचे ते बोल नेमके तुमच्यासाठीच होते, असे त्या वेळी का वाटले असेल, तेही पाहू. बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाच्या हाती त्याचे म्हणून एक वर्णन ठेवले. ते आपल्याला कितपत जुळते, याला विद्यार्थ्यांनी पाचांपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. प्रत्यक्षात सर्वांना एकच वर्णन दिले होते आणि त्यातली वाक्ये ज्योतिषाच्या एका पुस्तकातून उचललेली होती. ‘तुझ्यात क्षमता आहे, पण तू ती वाया घालवतो आहेस’, ‘तुला कोणी नीट ओळखलेले नाही’ ही वाक्ये जवळपास कोणत्याही दुःखी तरुणाला आपलीच वाटतील. तुम्ही मूर्ख होतात, असा याचा अर्थ मुळीच नाही. तुम्हाला आधाराची गरज होती आणि त्या वेळी तोच आवाज तुमच्यापर्यंत पोहोचला, एवढाच याचा अर्थ आहे.

कृतघ्नपणाबद्दल बोलायचे, तर अडचणीच्या काळात त्याचे शब्द उपयोगी पडले हे तुम्ही खुशाल मान्य करा आणि तिथेच थांबा. मदत करणाऱ्याला आपल्यावर कायमचा हक्क मिळत नाही. शिवाय त्याला तुम्ही शुल्क दिले होते, म्हणजे हा व्यवहार होता आणि तो पुरा झाला आहे. तरीही तुटल्यासारखे वाटते, ते साहजिक आहे. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अभ्यासकांनी १९५६ मध्येच दूरचित्रवाणीसंबंधी लिहिले होते की, पडद्यावरून थेट आपल्याकडे पाहून बोलणाऱ्या माणसाशी प्रेक्षकाचे एकतर्फी नाते जडते. प्रेक्षक त्याला ओळखू लागतो, त्याला मात्र प्रेक्षक माहीतही नसतो. आता तोच चेहरा दिवसातून अनेकदा हातातल्या फोनवर येतो, तेव्हा ते नाते किती घट्ट होत असेल, याची कल्पना येते. त्याच्या जाण्याचे दुःख वाटले तर वाटू द्यावे.

व्यायामाविषयी माझा सल्ला अगदी व्यावहारिक आहे. त्याचा आवाज त्या वेळेशी, त्या जागेशी आणि त्या व्यायामप्रकाराशी जोडला गेला आहे. तेव्हा काही काळ हे तिन्ही बदलून पाहा. पहाटेऐवजी संध्याकाळी जा, एकट्याने करण्याऐवजी कोणाबरोबर तरी करा, वजने उचलत असाल तर धावा किंवा पोहा. पहाटे उठण्यात स्वतंत्र असे कोणतेही पौरुष नाही. झोप पुरी होत असेल, तर उशिरा उठणारा माणूसही तितकाच शिस्तीचा असू शकतो.

खरे काम पुढेच आहे. त्या माणसाकडून तुम्ही सवयी घेतल्या आणि त्यांच्यासोबत माणसांकडे पाहण्याची एक दृष्टीही घेतली. ती दृष्टी व्हिडिओ बंद केल्याने आपोआप जात नाही. तिच्यातला एकेक दावा बाहेर काढून तपासावा लागतो.

वर्चस्व गाजवणारे ‘अल्फा’ आणि दबून राहणारे ‘बीटा’ पुरुष ही कल्पनाच घ्या. ती लांडग्यांवरून आली. रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिस्त जागेत ठेवलेल्या लांडग्यांमधील वर्चस्वाच्या झटापटींची निरीक्षणे १९४७ मध्ये प्रसिद्ध केली आणि डेव्हिड मीच या जीवशास्त्रज्ञांच्या १९७० मधील पुस्तकामुळे ती कल्पना सर्वदूर गेली. पुढे मीच यांनी मोकळ्या रानातील लांडग्यांचा प्रदीर्घ अभ्यास केला. नैसर्गिक कळप म्हणजे बहुधा एक कुटुंबच असते, नर-मादीची जोडी आणि त्यांची पिल्ले. तिथे ‘अल्फा’ म्हणजे केवळ आई किंवा बाप, असे त्यांनी १९९९ मध्ये स्वतःच लिहिले. एवढ्यावर न थांबता, आपले ते जुने पुस्तक छापणे बंद करावे म्हणून त्यांनी प्रकाशकांकडे पाठपुरावाही केला. आपलीच गाजलेली कल्पना पुराव्यासमोर मागे घेणारा हा अभ्यासक आणि एका अनुयायाचा साधा प्रश्न पुसून टाकणारा तुमचा मार्गदर्शक, या दोघांमधला फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. पुढे कोणावर विश्वास ठेवायचा याचा विचार कराल, तेव्हा तो माणूस आपली चूक कशी हाताळतो, हे आधी पाहा.

स्त्रियांना फक्त वरचे वीस टक्के पुरुष आवडतात, हे वाक्यही तुम्ही तिथे ऐकलेच असेल. त्याला आधार म्हणून बहुतेक वेळा ओकेक्युपिड या जोडीदार शोधण्याच्या संकेतस्थळाने २००९ मध्ये मांडलेली आकडेवारी दिली जाते. तिथल्या स्त्रियांनी सुमारे ८० टक्के पुरुषांचे रूप मध्यमापेक्षा कमी ठरवले होते, हे खरे आहे. पण त्याच आकडेवारीत पुढे असे दिसत होते की संदेश पाठवताना त्या स्त्रिया अशा पुरुषांनाही संदेश पाठवत होत्या. उलट पुरुषांनी गुण देताना उदारपणा दाखवला आणि संदेश मात्र सर्वांत देखण्या स्त्रियांकडेच अधिक पाठवले. अर्धी गोष्ट सांगून तरुणांच्या मनात कडवटपणा पेरला गेला, याचा मला राग येतो. एका संकेतस्थळावरील छायाचित्रांना दिलेल्या गुणांवरून सगळ्या स्त्रीजातीचा स्वभाव ठरवणे मुळातच चुकीचे होते, ते वेगळेच.

तुमच्या मैत्रिणीने तुम्हाला जे सांगितले, ते सांगायला धैर्य लागते. तिने नाते तोडले नाही, तुम्हाला सांगितले, याचा अर्थ तिला तुमच्याशी अजून बोलायचे आहे. तिच्याकडे जाऊन लांबलचक क्षमायाचना करू नका, कारण तीही नकळत एक सादरीकरण होऊन बसेल. तिला नेमके काय जाणवत होते ते विचारा, आणि ती बोलेल तेव्हा मध्ये स्वतःचे समर्थन न करता ऐका. संदेशाला मुद्दाम उशिरा उत्तर देणे, बोलता बोलता टोचून तिचा आत्मविश्वास डळमळीत करणे, असे जे काही तिथे शिकवले गेले असेल, ते थांबवा. ते थांबले आहे, हे तिला कालांतराने आपोआप कळेल.

पत्रातल्या एका ओळीपाशी मात्र मी बराच वेळ थांबले. जगण्यात अर्थ वाटत नाही असे लिहिणाऱ्या त्या मुलाचे पुढे काय झाले, ते तुम्ही लिहिलेले नाही. त्याच्याशी संपर्क साधण्याचा काही मार्ग असेल, तर आजच साधा. तुझी आठवण आली, तू कसा आहेस, एवढे विचारले तरी पुरे. स्वतःला इजा करण्याचे विचार मनात येतात का, हे त्याला स्पष्ट शब्दांत विचारायला कचरू नका. असे विचारल्याने ते विचार डोक्यात शिरतात, ही समजूत चुकीची आहे. त्याचे उत्तर होकारार्थी आले, तर त्याला एकटे सोडू नका, त्याच्या घरच्या विश्वासू माणसाला कळवा आणि डॉक्टरांकडे किंवा आत्महत्या प्रतिबंधक हेल्पलाइनकडे त्याच्यासोबत जा. ग्रुपमधले बाकीचे ‘भाऊ’ आता तुमच्याशी बोलत नसतील, पण या एकाला तुमची गरज असू शकते.

प्रश्न : ज्यांचा कोर्स मी घेतला आहे, त्यांचे विचार आता मला पटत नाहीत. परंतु वर्षभराचे शुल्क आधीच भरले आहे. पैसे वाया जाऊ नयेत म्हणून तो पूर्ण करावा का?

उत्तर : करू नका. हॅल आर्क्स आणि कॅथरिन ब्लूमर यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात नाटकांच्या हंगामाची तिकिटे काहींना पूर्ण किमतीला आणि काहींना सवलतीत विकली होती. हंगामाच्या पहिल्या भागात पूर्ण किंमत मोजलेले लोक अधिक नाटकांना गेले. नाटके सर्वांसाठी तीच होती, पण खर्च झालेला पैसा त्यांना नाट्यगृहात ओढून नेत होता. तुमचे पैसे गेले आहेत आणि कोर्स पूर्ण केल्याने ते परत येणार नाहीत. उरलेले तास मात्र अजून तुमच्या हातात आहेत. परताव्याची अट करारात असेल, तर तिचा उल्लेख करून लेखी मागणी करा आणि शुल्काचे स्वयंचलित नूतनीकरण आजच बंद करा. अनेकांचे पैसे पुढच्या वर्षीही याच वाटेने जातात.

प्रश्न : ज्यांना मी आदर्श मानत होतो, त्यांचे शरीर केवळ व्यायामाने घडलेले नव्हते, असे उघड झाले आहे. त्यांच्या प्रभावाखाली मी स्वतः काही काळापासून टेस्टोस्टेरॉन या पुरुष हार्मोनची इंजेक्शने घेत आहे. डॉक्टरांना विचारले नव्हते. आता मन उडाले आहे, तर ती लगेच बंद करू का?

उत्तर : आधी डॉक्टरांना भेटा, शक्य असल्यास हार्मोनविकारतज्ज्ञांना, आणि त्यांच्यापासून काहीही लपवू नका. तुम्ही काय, किती आणि कधीपासून घेत आहात हे त्यांना कळल्याशिवाय नीट सल्ला देता येणार नाही. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळू लागले की मेंदूकडून वृषणांना जाणारे संदेश मंदावतात, शरीराची स्वतःची निर्मिती घटते आणि शुक्राणूंची संख्याही खाली येते. इंजेक्शने थांबवल्यानंतर ही निर्मिती पूर्ववत होण्यास अनेकदा काही महिने लागतात. त्या काळात थकवा, उदासी आणि कामेच्छा कमी होणे हे त्रास होऊ शकतात. नेमक्या त्याच वेळी ‘पाहा, औषध सोडल्यावर मी दुबळा झालो’ असे वाटून माणूस पुन्हा इंजेक्शनकडे वळतो. म्हणून थांबण्याची योजना डॉक्टरांबरोबरच आखायला हवी.

टेस्टोस्टेरॉन खरोखर कमी आहे का, हे एका तपासणीवरून ठरत नाही. त्याची पातळी सकाळी जास्त असते, त्यामुळे दोन वेगवेगळ्या दिवशी सकाळी रक्त तपासतात आणि त्याच्या जोडीला लक्षणेही पाहतात. व्हिडिओतल्या प्रश्नावलीवरून हे निदान होत नाही.

फसवणूक झाल्याची भावना तुमच्या एकट्याची नाही. ‘लिव्हर किंग’ या नावाने ओळखले जाणारे ब्रायन जॉन्सन आपले शरीर कच्चे मांस आणि आदिमानवासारखी जीवनशैली यांमुळे घडले असे सांगत असत आणि पूरक उत्पादनांचा व्यवसायही चालवत. आपण स्नायू वाढवणारी स्टेरॉइड औषधे घेत होतो, हे त्यांनी डिसेंबर २०२२ मध्ये कबूल केले, तेही त्यांचे खासगी ईमेल उघड झाल्यानंतर. त्या शरीराकडे पाहून स्वतःला कमी लेखलेल्या मुलांनी आपली तुलना अशा गोष्टीशी केली होती, जी केवळ व्यायामाने गाठणे त्यांना शक्यच नव्हते. तुमच्या बाबतीतही हेच झाले आहे. आरशात दिसणाऱ्या शरीराविषयी आता जी नाराजी वाटते, तिचा उल्लेखही डॉक्टरांकडे करा. तोही उपचाराचाच भाग आहे.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ अशाच एका मार्गदर्शकाच्या पूर्णपणे आहारी गेला आहे. तो व्यायाम करतो, नीटनेटका राहतो, हे चांगलेच आहे. पण घरातल्या बायकांशी तुच्छतेने बोलतो आणि बाबांना ‘हरलेला माणूस’ म्हणतो. मी त्या मार्गदर्शकाबद्दल काही बोलले की आमचे भांडण होते. त्याचे डोळे कसे उघडावेत?

उत्तर : ताई, त्याचे डोळे तुम्ही उघडू शकाल असे मला वाटत नाही, आणि तसा प्रयत्न बहुधा उलटाच पडेल. त्याच्या मार्गदर्शकाने त्याला आधीच सांगून ठेवले असणार की घरचे लोक विरोध करतील आणि तो विरोध हेच त्याच्या प्रगतीचे लक्षण असेल. तुम्ही त्या माणसावर टीका केली की त्याचे भाकीत खरे ठरते. तेव्हा त्या माणसाचा विषय तुम्ही काढू नका. भावाने काढला, तर त्याला त्यातून काय मिळते ते खरोखरीच्या उत्सुकतेने विचारा. उत्तरात बहुधा एकटेपणा, नापास होण्याची भीती, कोणीतरी नाकारल्याचे दुःख असे काहीतरी हाती लागेल. ते दुःख खरे आहे आणि त्यावर बोलायला घरात जागा असली पाहिजे.

व्यायामाचे कौतुक मनापासून करा. तुच्छतेचे बोलणे मात्र एकदाही ऐकून घेऊ नका. ‘माझ्याशी या भाषेत बोलायचे नाही, नीट बोलशील तेव्हा मी इथेच आहे’ असे एका वाक्यात सांगा आणि तेवढ्यापुरते तिथून उठा. व्याख्यान दिलेत तर पुन्हा वाद सुरू होईल. बाबांविषयीच्या बोलण्यावर मला वाटते बाबांनीच त्याच्याशी बोलणे योग्य ठरेल. आपल्या अपयशांविषयी, त्या वेळी आपण काय केले आणि कोणाची मदत घेतली याविषयी त्यांनी त्याला मोकळेपणाने सांगावे. त्याने पडद्यावर पाहिलेल्या पुरुषांपैकी कोणीही आपण मदत मागितल्याचे सांगत नाही. घरातला पुरुष ते सांगतो, हे त्याच्या कानावर पडायला हवे.

त्याचे मन कधी फिरेल, ते सांगता येत नाही. वर ज्या तरुणाचे पत्र दिले आहे, त्याचे मन फिरले ते एका मुलाला दिलेली वागणूक पाहून आणि मैत्रिणीच्या एका वाक्याने. तशी वेळ भावावर आली आणि तो तुमच्याकडे आला, तर ‘मी आधीच सांगत होते’ हे शब्द तोंडून जाऊ देऊ नका. त्या दिवशी त्याला लाज वाटत असेल. त्याला बसवा, जेवला का ते विचारा आणि तो किती सांगेल तेवढेच ऐका.